शनिवारी बंद असणारं बंदर

ग्रीसला जाऊन आलो म्हटलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला. "सांतोरिनी?" नाही. "मग अथेन्स?" तेही नाही. थेस्सालोनिकी. यावर "हां हां, तेही छानच असेल" असं म्हणून मंडळी विषय बदलतात. म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकू.

जाण्यामागे थोर कारण वगैरे काही नव्हतं. आम्ही दोघं स्टुटगार्टला ऑनसाईट. सोमवारची सुट्टी जोडून लाँग वीकेंड मिळत होता आणि या गावाचं विमान सगळ्यात स्वस्त होतं. रूममेट नागपूरचा. सांतोरिनीला लग्नानंतरच जायचं असा त्याचा पण आहे (लग्न ठरलेलं नाही, सांतोरिनी मात्र ठरलंय!). त्यामुळे शनिवारी सकाळी सकाळी आम्ही ग्रीसच्या या दुसऱ्या क्रमांकाच्या शहरात, पाठीवर सॅक आणि हातात कुलुरी घेऊन उभे होतो. कुलुरी म्हणजे तीळ लावलेलं पावाचं कडं. कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं आणि चालता चालता खायचं असतं. चालता चालता सगळीकडे तीळ सांडतात. त्याचं इथे कोणी मनावर घेत नाही.

स्थानिक लोक शहराला नुसतं सालोनिकी म्हणतात. नाव एका बाईचं आहे. थेस्सालोनिकी ही सिकंदराची सावत्र बहीण. तिच्या नवऱ्याने, कासांदरने, इ.स.पू. ३१५च्या सुमारास हे शहर वसवलं आणि बायकोचं नाव दिलं. सिकंदर त्याच्या आठ वर्षं आधीच बाबिलोनला वारला होता, म्हणजे त्याने हे गाव बघायचा प्रश्नच नाही. तरी समुद्रकाठी घोड्यावर बसलेला भलामोठा पुतळा सिकंदराचाच. रूममेट म्हणाला, "सातबारा बहिणीच्या नावावर, अन् बॅनरवर फोटो भावाचा. आपल्यासारखंच आहे बे सगळं."

पुतळ्यापासून थोडं चाललं की पांढरा बुरूज. पांढरा म्हणायचं आणि मटकट बघायचा. तुर्कांनी बांधला, पुढे तुरुंग केला आणि तिथे इतकी माणसं मारली की लोक त्याला रक्ताचा बुरूज म्हणायला लागले. १८९०च्या दशकाच्या तोंडावर त्याला चुना फासला आणि नाव बदललं. एका कैद्याने सुटकेच्या बदल्यात एकट्याने रंगवला म्हणे. चुना कधीच उडाला, नाव तेवढं टिकलं. वरून खाडीचं दृश्य झकास दिसतं. हवा स्वच्छ असेल तर पलीकडे ऑलिंपस पर्वत दिसतो असं पुस्तकात लिहिलंय. आमच्या वाट्याला ऑलिंपसच्या जागी धुकं आलं.

मग कामारा. रोमन सम्राट गालेरियसने इराणी बादशहाला हरवल्याची ही कमान, इ.स. ३००च्या आसपासची. आता ती कॉलेजच्या पोरापोरींची भेटायची जागा आहे, आपल्याकडे 'दगडूशेठसमोर भेटू' म्हणतात तशी. कामारा म्हणजे कमान, वरून गोलाकार झाकलेली जागा. हाच शब्द लॅटिनमध्ये जाऊन कॅमेरा झाला आणि पोर्तुगीजांच्या जहाजातून येऊन हिंदीतला कमरा झाला. सतराशे वर्षं जुन्या कामाराचा फोटो मी कॅमेऱ्यात काढला यात मला उगाचच फार समाधान वाटलं.

कमानीच्या वर दोन मिनिटांवर रोटुंडा. सहा मीटरहून जाड भिंतींची गोल इमारत, तीही गालेरियसच्याच काळातली. नंतर चर्च झालं, १५९१च्या सुमारास मशीद झाली, १९१२मध्ये गाव ग्रीकांच्या हाती आल्यावर परत चर्च, आता स्मारक. आत घुमटात सोन्याच्या मोझेकमधले संत, बाहेर मिनार. शहरात धड उभा राहिलेला हा एकच मिनार. मला तिथे पहिल्यांदा जाणवलं की आपण जे बघतोय त्यापेक्षा जे दिसत नाहीये त्याचा आकडा मोठा असणार. एकच मिनार कसा? साधा हिशेब आहे. तुर्कांनी हे शहर १४३०मध्ये घेतलं आणि १९१२मध्ये सोडलं. ४८२ वर्षं! तेवढ्या काळात बांधलेलं सगळं गेलं कुठे?

याचं अर्धं उत्तर जमिनीखाली मिळेल म्हणून मेट्रोत उतरलो. (खरं तर रूममेटचे पाय दुखत होते.) या मेट्रोवर कुणीतरी प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं पुस्तक लिहायला हवं. काम सुरू झालं २००६ला, पहिली गाडी धावली ३० नोव्हेंबर २०२४ला. लांबी ९.६ किलोमीटर, स्टेशनं १३. कारण जिथे खणाल तिथे काहीतरी निघायचं. तीन लाखांहून जास्त वस्तू निघाल्या. व्हेनिझेलू नावाच्या स्टेशनात तर संगमरवरी फरसबंदीचा आख्खा जुना रस्ताच निघाला, दुकानांच्या गाळ्यांसकट. वाद झाले, कोर्टकज्जे झाले, शेवटी रस्ता तुकड्या-तुकड्यांनी उचलून बाजूला ठेवला, खाली स्टेशन बांधलं आणि तुकडे परत जागच्या जागी मांडले. आपण सिस्टिम चालू ठेवून डेटाबेस हलवतो आणि दोन रात्री जागलो म्हणून कॉम्प-ऑफ मागतो. तिकीट काढून खाली जायचं, प्राचीन रस्त्याच्या बाजूने चालायचं आणि ड्रायव्हर नसलेल्या गाडीत बसायचं. हे मात्र जगात भारी आहे, अगदी मान्य.

पण वर आल्यावर परत तोच प्रश्न. जवळच बेझेस्तेनी म्हणजे सहा घुमटांचा तुर्की कापडबाजार, तिथे आजही कापडाची दुकानं आहेत. थोडं पुढे १४४४चा बे हमाम. १९६८पर्यंत लोक त्यात आंघोळीला जायचे. बाकी मधला सगळा भाग चौकोनी, आखीव, फ्रेंच वळणाचा. अरिस्तोतेलूस चौक तर पॅरिसमधून उचलून आणल्यासारखा, समुद्राकडे तोंड करून बसलेला. त्याचं कारण १९१७ची आग. १८ ऑगस्टला एका घरात ठिणगी पडली आणि ३२ तासांत साडेनऊ हजार घरं जळाली, सत्तर हजारांहून जास्त माणसं उघड्यावर आली. नंतर एर्नेस्ट एब्रार या फ्रेंच वास्तुविशारदाने नवा नकाशा काढला. जुन्या गल्ल्या परत झाल्याच नाहीत.

आणि त्या गल्ल्यांत राहणारे? आगीच्या चार वर्षं आधी, १९१३ला, ग्रीक सरकारने शिरगणती केली होती. एकूण लोक सुमारे १ लाख ५८ हजार. त्यातले ज्यू ६१ हजार, तुर्क ४६ हजार, ग्रीक ४० हजार. परत वाचा. ग्रीसच्या दुसऱ्या क्रमांकाच्या शहरात ग्रीक तिसऱ्या क्रमांकावर! आणि ज्यू सगळ्यात जास्त. १४९२ला स्पेनच्या राजा-राणीने ज्यूंना देशाबाहेर काढलं, तेव्हा ऑटोमन सुलतानाने त्यांना आसरा दिला आणि त्यातले हजारो इथे उतरले. पुढची चारशे वर्षं ते घरात जुनं स्पॅनिश बोलत राहिले. लादिनो म्हणतात त्या बोलीला.

हे सगळं नीट समजून घ्यायला आम्ही ज्यू म्युझियम शोधत गेलो. आगीतून वाचलेल्या मोजक्या इमारतींपैकी एकीत ते आहे. दारावर पाटी: शनिवारी बंद.

"काय बे, टूरिस्ट तर शनिवारीच येतो," रूममेट वैतागला. मी मात्र पाटीकडे बघून हसलो. कारण आदल्याच रात्री वाचलं होतं की शंभर वर्षांपूर्वी शनिवारी हे आख्खं गाव बंद असायचं. बाजार, पेढ्या आणि चक्क बंदर! बंदरातले हमाल, होडीवाले, बोजे उतरवणारे बहुतेक सगळे ज्यू. शनिवार म्हणजे त्यांचा शब्बाथ, कामाला हात लावायचा नाही. मग जहाज कुठल्या का देशाचं असेना, कप्तान कितीही मोठा असेना, रविवारपर्यंत खाडीत नांगर टाकून बसायचं.

हमाल हा शब्द मी सोयीसाठी वापरला नाहीये. त्यांना हमालच म्हणायचे. मूळ अरबी शब्द. तो तुर्कीतून ग्रीकमध्ये गेला आणि 'हमालिस' झाला, इकडे फारसीतून आपल्याकडे आला आणि भायखळ्याच्या भाजीबाजारात स्थिरावला.

तिथून आम्ही बंदराकडेच गेलो. वाटेत लादादिका नावाची वस्ती लागते. जुनी दोनमजली रंगीत घरं, खाली टेबलं मांडलेली, सगळीकडे तळलेल्या माशांचा वास. (शाकाहारी लोकहो, घाबरू नका. भात भरलेले टोमॅटो आणि टपोऱ्या वालासारख्या दाण्यांची रस्सा भाजी मिळते, आणि नंतर बुगात्सा. बुगात्सा म्हणजे रव्याच्या शिऱ्याला पातळ पापुद्र्यात गुंडाळून वर पिठीसाखर. सांज्याच्या पोळीची परदेशात शिकलेली मावसबहीण.) तर लादी म्हणजे तेल आणि लादादिका म्हणजे तेलवाल्यांची आळी.

तेल आणि शनिवार हे दोन शब्द एका ओळीत आले आणि मी तिथेच थबकलो.

मी मूळचा अलिबागचा. आमच्या गावात इस्रायल आळी आहे, तिथे मागेन आबोथ नावाचं सिनेगॉग आहे. कोकणातले हे ज्यू म्हणजे बेने इस्रायल. नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं, त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपण झालो असं ते सांगतात. किती शतकांपूर्वी, यावर विद्वानांनी वाद घालावा. आडनावं पेणकर, किहीमकर, नवगावकर. भाषा मराठी. धंदा तेलाचा घाणा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं, शनिवार तेली. माझी आजी सांगायची, लहानपणी शेजारच्या आळीतून तेल आणायचं काम तिचं असायचं. शनिवारी कधी पाठवत नसत. शनिवारी तेल विकत घेऊ नये असं आपल्याकडे तसंही म्हणतात, त्यामुळे गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघांचंही शास्त्र आपोआप सांभाळलं जायचं!

१९४८नंतर हळूहळू ते लोक इस्रायलला गेले. आजीची मैत्रीण गेली ती साठच्या दशकात. जाताना घरातली तांब्याची घागर आजीला देऊन गेली. पुढे कित्येक वर्षं तिची मराठीतली पत्रं यायची, त्यात तिकडे कोथिंबीर कितीला मिळते वगैरे. घागर आमच्याकडे आहे अजून. आळीचं नाव आहे. सिनेगॉग आहे. कोणी त्यांना जा म्हटलं नव्हतं. आजी मात्र "गेले बाई सगळे" असंच म्हणायची, जणू रागावून गेले असावेत.

हे मी रूममेटला बंदराच्या धक्क्यावर बसून सांगितलं. पहिला धक्का आता लोकांना फिरायला मोकळा आहे. जुन्या गोदामांत फोटोग्राफीचं आणि सिनेमाचं म्युझियम, कॅफे, कडेला पाय सोडून बसलेली जोडपी. पलीकडे खऱ्या बंदरात क्रेन कंटेनर उचलत होत्या. शनिवारी दुपारी चार वाजता, व्यवस्थित. १९२४मध्ये ग्रीक सरकारने कायदा करून रविवारची सुट्टी सक्तीची केली, तिथून शनिवार संपला. शनिवार पाळला तर आठवड्याचे दोन दिवस धंदा बुडणार. काही ज्यू कुटुंबं तेव्हापासून बाहेर पडायला लागली. इथले कसलेले गोदीकामगार १९३०च्या दशकात हैफाच्या बंदरावर कामाला नेले. चार पैसे आणि शनिवारची सुट्टी यासाठी माणसं गेली, आणि त्यामुळे जिवंत राहिली.

कारण मागे राहिलेल्यांचं काय झालं तेही त्याच बंदराजवळ दिसतं. एलेफ्तेरियास चौक, म्हणजे स्वातंत्र्य चौक. ११ जुलै १९४२, तोही शनिवारच. जर्मनांनी १८ ते ४५ वयाच्या ९ हजार ज्यू पुरुषांना भर उन्हात इथे उभं केलं आणि तासन्‌तास कवायत करायला लावली. पुढच्या वर्षी १५ मार्चला पहिली गाडी सुटली. ऑगस्टपर्यंत सुमारे ४६ हजार माणसं गेली, जवळजवळ सगळी आउशवित्झला. पोलंडमध्ये क्राकोवला तुमची वस्ती वसवणार आहोत असं सांगून जर्मनांनी त्यांच्याकडून ग्रीक पैसे घेतले आणि बदल्यात पोलिश झ्लॉटीच्या पावत्या दिल्या. लोकांनी त्या जपून ठेवल्या असणार. परत आले ते दोन हजारांच्या आत. युद्धानंतर कित्येक दशकं या चौकात गाड्यांचं पार्किंग होतं. एका कडेला स्मारक आहे, ज्वाळांत गुरफटलेल्या माणसांचं. जवळून बघितल्यावर ती माणसं आहेत हे कळतं.

रविवारी सकाळी वरच्या गावात गेलो, आनो पोली. इथवर आग पोचली नव्हती म्हणून जुनी लाकडी सज्जांची तुर्की वळणाची घरं वाचली. चढ आपल्या कुठल्याही गडाला लाज आणेल असा. सगळ्यात वर सात बुरुजांचा किल्ला, १९८९पर्यंत तुरुंग. त्याचं तुर्की नाव येदी कुले. मराठी माणसाने हे नाव चारचौघांत मोठ्याने वाचू नये.

वाटेत मुस्तफा केमाल अतातुर्कचं जन्मघर लागतं. होय, आधुनिक तुर्कस्तानचा संस्थापक इथला. १८८१चा जन्म. घर तुर्की वकिलातीच्या आवारात आहे आणि दारात तुर्की पर्यटकांची रांग. त्यातल्या एका काकांशी बोलणं झालं. त्यांचे आजोबा याच वरच्या गावातले. १९२३च्या करारानुसार ग्रीसमधले मुसलमान तुर्कस्तानात आणि तुर्कस्तानातले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन ग्रीसमध्ये अशी अदलाबदल झाली. सक्तीची. इकडे आले बारा लाखांच्या घरात, तिकडे गेले चार लाखांच्या आसपास. निकष फक्त धर्म. ग्रीक बोलणारा मुसलमान तुर्क ठरला आणि तुर्की बोलणारा ख्रिश्चन ग्रीक. काकांच्या आजोबांना म्हणे शेवटपर्यंत धड तुर्की आलंच नाही. त्यांच्याकडे पत्ता नव्हता, फक्त "दारासमोर कारंजं होतं" एवढी खूण. वरच्या गावात कारंजी पुष्कळ आहेत.

रूममेट एरवी बडबड्या, पण तिथून पुढे चढ संपेपर्यंत गप्प होता. तो नागपूरचा सिंधी, जरीपटक्यातला. त्याचे आजोबा १९४७ला सक्खरहून आले. वर तटावर टेकल्यावर म्हणाला, "आजोबा सांगायचे, घराला बाहेरून कुलूप घातलं होतं. चावी होती त्यांच्यापाशी. मी खेळलोय तिच्याशी." मग थोड्या वेळाने, "इथं ज्यांना हे रिकामं घर भेटलं, ते पण तिकडून असंच घर टाकून आले असतील ना बे. मग भांडायचं कोणाशी?" मला काही सुचलं नाही. पाण्याची बाटली दिली.

उतरताना विद्यापीठावरून आलो. अरिस्तोतल विद्यापीठ, ग्रीसमधलं सगळ्यात मोठं. हिरवळ, भिंतींवर घोषणा, रविवार असून पोरं गिटार घेऊन बसलेली. या जागेवर ज्यूंचं कबरस्तान होतं. तीन लाखांहून जास्त थडगी, काही पंधराव्या शतकातली. डिसेंबर १९४२मध्ये ते उखडायला सुरुवात झाली. परवानगी जर्मनांची होती, पण जागा आधीपासून गावालाच हवी होती. संगमरवर गावभर बांधकामाला वापरला. पायऱ्या, अंगणं, भिंती. आवारात छोटं स्मारक उभं राहायला २०१४ साल उजाडलं. गिटारवाल्या पोरांबद्दल माझी काही तक्रार नाही. मी तिथे शिकत असतो तर मीही तिथेच बसलो असतो. पण रोमन रस्त्याचा एकेक दगड नंबर घालून परत बसवणारं हेच गाव, हे डोक्यातून जात नव्हतं. सगळेच दगड सारखे नसतात, काही जपायचे असतात आणि काहींच्या पायऱ्या होतात. ठरवतं कोण, तर त्या वेळी जे उरलेले असतात ते.

शेवटी रविवारी म्युझियम उघडं सापडलं. तळमजल्यावर त्या कबरस्तानातले वाचलेले दगड, हिब्रू अक्षरं कोरलेली. जुने फोटो. त्यातली चेहऱ्यांची ठेवण बघून मला उगाच ओळखीचं वाटत राहिलं, पण जुन्या फोटोतली सगळीच माणसं ओळखीची वाटतात.

काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, कुठून आलात. भारत म्हटल्यावर त्यांनी कोचीनचं नाव घेतलं. मी म्हटलं, कोचीन नाही, त्याच्या बरंच वर, आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत शनिवार तेलींची गोष्ट सांगितली. बाई एकदम हसल्या. मग अभिप्रायाची वही पुढे सरकवून म्हणाल्या, ते नाव तुमच्या लिपीत लिहा. मी लिहिलं, 'शनिवार तेली, अलिबाग'. त्यांनी वही फिरवून अक्षरं बघितली आणि विचारलं, कसलं तेल काढायचे?

"तिळाचं, खोबऱ्याचं."

खोबऱ्याचं त्यांना नवीन होतं. तीळ कसे सांगावेत हे मला पटकन सुचेना, तेव्हा रूममेटने सॅकमधून अर्धी कुलुरी काढून काउंटरवर ठेवली आणि बोट दाखवलं. "सुसामी!" बाई म्हणाल्या. काउंटरवर तीळ सांडले होते. ते त्यांनी हाताने गोळा केले, आणि म्युझियम बंद व्हायची वेळ झाली होती म्हणून दिवे मालवायला उठल्या.